कुरणावर राहिलेली घोडी

१२ फेब्रुवारी २००३

शिवकन्या,

कुरणातले गवत संपले आहे आणि तुझी घोडी अजून इथे आहे, म्हणून हे पत्र लिहावे लागते आहे. दुसरे काही कारण नाही.

गेल्या पावसाळ्यात गवतांतला चांगला पवन्या गुडघ्याएवढाही वाढला नाही. घोड्यांनी तो दिवाळीपर्यंत संपवला. मग कुसळी खाल्ली, आता खुराने मुळ्या उकरतात. मी सगळ्या मालकांना कळवले आणि सगळे आले. अर्जुनरावांनी त्यांच्या दोन्ही काठेवाडी घोड्या गोदाकाठच्या शेतावर हलवल्या. मठाचे तट्टू मठात गेले. बीडचा वरातीवाला आपला पांढरा घोडा घेऊन गेला. जाताना म्हणाला, "बाई, औंदा लग्नं बी न्हाईत अन् गवत बी न्हाई. आता ह्यालाच खांद्यावर बसवून मिरवतो." आता सगळ्या माळावर एकटी जांभळी उभी असते.

ती माझी घोडी नाही. तू घर सोडलेस त्या दिवशी मी तिला चराईच्या जनावरांत धरले. गवत आणि पाणी कुरणाचे, बाकी मालकाचे, असा करार आपण सगळ्यांशी करतो. गवत संपले की कुरणाची जबाबदारी संपते.

नियम तुला माहीत आहे. ज्या हाताने दावे कुरणात आले त्याच हातात ते परत जाते. एका सख्ख्या भावाने भावाची घोडी आपल्या इथून सोडून नेली आणि माळेगावच्या यात्रेत विकली, तेव्हा तुझ्या वडिलांनी हा नियम केला. ते गेल्यावर मी तो कुणासाठी मोडलेला नाही. जांभळीला टेम्पोतून उतरवून फाटकातून आत तू चालवलेस. वडील हात लावायला आले तर लावू दिला नाहीस. तेव्हा आता तूच यायचे, आणि एकटीने. ज्याच्याबरोबर तू गेलीस त्याला मी घोडी फिरवायला पगारावर ठेवले होते. त्याचे माझ्याकडे काही राहिलेले नाही.

पाणी अजून आहे. विहिरीचे नाही, टँकरचे.

महानंदा पंचाक्षरी शेटे


५ मार्च २००३

शिवकन्या,

तुझे कार्ड मिळाले. "आम्ही दोघे येऊ. त्यांना घरात बोलावून पाणी देणार असशील तर उद्या निघतो. नाहीतर घोडी त्यांच्या हाती दे." एवढेच. हे तू उघड्या पोस्टकार्डावर लिहिलेस, म्हणजे सिदू पोस्टमनने ते आधी वाचले आणि मग मला दिले. देताना म्हणाला, "द्या की बाई पानी. टँकरचंच तर हाय." वेशीपासून आपल्या दारापर्यंत त्याने हे किती जणांना वाचून दाखवले असेल, ते तूच समज.

उत्तर नाही असे आहे. दोन्ही गोष्टींना.

इकडे आपल्या बायकांच्या दूध संस्थेला चारा छावणी मिळाली. मी अध्यक्ष असल्यामुळे सगळ्या कागदांवर माझी सही चालते. शाळेमागे मांडव घातले आहेत, उसाचे वाढे ट्रकने येते, जनावरांच्या शिंगांवर रंगाने नंबर टाकले आहेत. छावणी गाई, बैल आणि म्हशींची. घोड्याला सरकारी आदेशात जागा नाही.

पहिल्याच बैठकीत सचिव भारतने विषय काढला.

"बाई, जांभळीला खोंड म्हनून लिवू. कोन बघतंय?"

"आणि शिंगे?"

"लाकडाची लावू. वर बेगड चिटकवू, पोळ्याला चिटकवतो तसं."

सगळ्या बायका हसल्या. मी म्हटले, "तहसीलचा माणूस आला की शिंगे दाखवायला तू पुढे हो. संस्थेची छावणी अध्यक्षाच्या घरच्या जनावरासाठी नाही."

"आता घरची झाली व्हय? काल तर चराईची म्हनत हुता."

मी बैठक संपवली. भारतला बोलायची सवय आहे. पण इतर बायकाही हात वर करायला तयार होत्या. मी विषय मतालाच टाकला नाही.

तू एकटी ये. मांजरसुंब्याला एस. टी. तून उतर, तिथून पुढे मी जीप पाठवीन.

महानंदा पंचाक्षरी शेटे


२४ मार्च २००३

शिवकन्या,

तुझे उत्तर नाही. तरी दोन गोष्टी कळवते, कारण दुसऱ्यांच्या तोंडून त्या तुझ्यापर्यंत वेगळ्या पोहोचतील.

अर्जुनराव येऊन गेले. जीपमधून न उतरताच म्हणाले, "बाई, माझ्या दोन तिकडं हायतच, तिसरी काय जड न्हाई. आषाढात परत आणून सोडतो." मी नियम सांगितला. ते म्हणाले, "हात येईस्तोवर घोडी तर ऱ्हायली पायजे ना." मी त्यांना चहा विचारला. ते थांबले नाहीत.

दुसरी गोष्ट साखराबाईची. कुरणाला लागून तिची वस्ती आहे, लहानपणी तू अर्धे जेवण तिच्याकडेच करायचीस, त्यामुळे तिच्याशी मी कशी वागले हे ती तुला रंगवून सांगेलच. तिची गाय छावणीत होती. ती रोज संध्याकाळी गाईच्या वाट्यातले वाढे डोक्यावर घेऊन तारेजवळ जायची आणि जांभळीला घालायची. मी स्वतः तिथे उभी राहिले तेव्हा तिने भारा खाली टाकलासुद्धा नाही.

"माज्या गाईच्या वाट्याचं हाय," ती म्हणाली. "गाय अर्धं खाती, अर्धं हिला. तुमच्या संस्थेचं काय गेलं?"

"छावणीतला चारा छावणीबाहेर नेता येत नाही."

"बरं. घोडी कुनाची हाय?"

"चराईची."

"मंग चराईवालीनं चारावं की. तुमी कावून न्हाई चारत? मी सांगू, अक्का? पोरीवरला राग हाय. पोरगी हाताशी न्हाई म्हनून घोडीला वाळवायलात. लई शिकलात अन् हे शिकलात."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गाईचे नाव छावणीतून कमी करण्याचा ठराव मांडला. विरोधात कुणी बोलले नाही. कुणी मान वर केली नाही. साखराबाईने गाय सोडली आणि बाहेरच्या वाटेने न नेता सगळ्या छावणीतून, प्रत्येक दावणीपुढून, हळूहळू चालवत नेली. पुढच्या बाजारी तिने ती नेकनूरला विकली.

शेजाऱ्यासाठी नियम वाकवला की छावणी छावणी राहत नाही. सगळे आपापल्या घरी चारा नेतील. हे तुला पटणार नाही, पण तुला पटवायला मी लिहीत नाही.

जांभळीच्या फासळ्या दिसतात. ती पुढचे गुडघे टेकून मुळ्या ओढते आणि मुळ्यांबरोबर माती पोटात जाते. मल्लिनाथ डॉक्टर म्हणाले, माती साचली की शूळ उठतो आणि मग काही हातात राहत नाही. त्यांनी रोज कडबा द्या म्हणून सांगितले. मी त्यांना मालकाला कळवते म्हणाले. ते हे कळवणे.

महानंदा पंचाक्षरी शेटे


१६ एप्रिल २००३

शिवकन्या,

तू बद्रीनाथला पाठवलेस. तो काल आला आणि रिकामा परत गेला. कुणी काही सांगण्याआधी माझ्याकडून ऐक.

टेम्पोत कडब्याच्या पेंढ्या अंथरलेल्या होत्या, पाण्याची टाकी होती. तयारी चांगली होती, काम त्याला येते हे मी कधी नाकारले नाही. फाटकाबाहेर चपला काढून उभा राहिला, देवळात आल्यासारखा.

"आई, घोडी न्यायला आलोय."

"बाई म्हण. पूर्वी म्हणायचास."

"बाई. तिनं चिठ्ठी दिली हाय."

चिठ्ठी मी घेतली नाही. "दावे तिच्या हाताने आले आहे," मी म्हटले.

"तिला येता येईना. घरी..."

"घरचे मला सांगू नकोस."

"ऐकून तर घ्या. घरी..."

"इथे मी बोलायची आणि तू ऐकायचास. ते बदललेले नाही."

त्याचा आवाज ऐकून जांभळी माळाच्या पार टोकाकडून निघाली. पूर्वी एका दमात यायची. काल मध्ये थांबून थांबून आली. आली आणि तारेवरून मान काढून त्याच्या खांद्यावर टेकली. तो तसाच उभा राहिला. मग टेम्पोतून पेंढी काढून तारेवरून तिला कडब्याचे एकेक ताट भरवू लागला, दुपार कलेपर्यंत. मी अडवले नाही. तो रस्त्यावर उभा होता आणि रस्ता सरकारचा आहे.

निघताना म्हणाला, "बाई, एक करा. फाटक तेवढं उघडं ठेवा. दावं नगं, हात नगं. मी टेम्पोची फळी खाली टाकतो. ती आपल्या पायानं येती."

मी घरात जाऊन कुलूप आणले आणि फाटकाला लावले.

तो काही ओरडला नाही. तू निवडलेल्या माणसाबद्दल माझ्याकडून चांगले ऐकायचे असेल तर एवढेच आहे. चपला घातल्या आणि म्हणाला, "तुमी शिकलेल्या. मी काय बोलनार. पर ही मे म्हैना काढत न्हाई." राहिलेल्या पेंढ्या त्याने तारेच्या आत टाकल्या. मालकाचा चारा म्हणून मी त्या ठेवून घेतल्या आहेत आणि तिला घालते आहे.

तू काय समजत होतीस? त्याला बघून मी विरघळेन? तू इतकी वर्षे माझ्या हाताखाली वाढलीस आणि मला एवढेही ओळखले नाहीस. मी तुला ओळखते. तू माझ्यासाठी येणार नाहीस. वडिलांच्या पहिल्या पुण्यतिथीलाही आली नाहीस. तू फक्त तिच्यासाठी येशील. म्हणून ती इथे आहे.

वाचून राग येईल. येऊ दे. रागात तरी निघ.

महानंदा पंचाक्षरी शेटे


११ मे २००३

शिवकन्या,

तुझे पत्र मिळाले. "तिला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही" हे वाचले.

जांभळी बरी आहे. बद्रीनाथने ठेवलेला कडबा पुरवून पुरवून घालते. काल पेंढी टाकली ती तिने सगळी खाल्ली. दुपारी लिंबाच्या सावलीत उभी असते. साखराबाई येऊन तिच्याशी बोलत बसते.

पाण्याबद्दल तू दोनदा लिहिलेस. तू येशील त्या दिवशी ओसरीवर दोन तांबे भरून ठेवीन. दुसरा कुणी उचलला हे बघायला मी बाहेर येणार नाही. यापेक्षा जास्त माझ्याकडून होणार नाही, पण एवढे करीन.

ये. उशीर करू नकोस. तुझी खोली झाडून घेतली आहे.

आई


१९ जून २००३

शिवकन्या,

काल तू नोंदीची तुझी प्रत ओसरीवरच टाकून गेलीस. ती या पाकिटात पाठवते आहे. व्यवहार झाला की दोघांकडे एकेक प्रत हवी.

तू फक्त "कधी?" असे विचारलेस. मी "एप्रिलअखेर" म्हटले आणि पुढचे तू ऐकून घेतले नाहीस. ते लिहिते.

त्याचा कडबा संपला. मी नवा आणला नाही. आणता आला असता. तीन-चार दिवस ती पुन्हा मुळ्यांवर होती. मग सकाळी लोळताना दिसली. शूळ होता. मल्लिनाथ डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, नळीने तेल पाजले, आम्ही तिला उठवून चालवत ठेवले. साखराबाई तिच्या डोक्याशी होती. मी तिला जा म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसली ती उठली नाही. कातडे मागायला माणूस आला होता, त्याला मी परत पाठवले. लिंबाजवळ मजूर लावून खोल खड्डा घेतला आणि मीठ टाकून पुरले. ती जागा तू पाहिलीस.

मेली हे मी तुला कळवले नाही. अकरा मेच्या पत्रात ती जिवंत आहे, कडबा खाते, असे लिहिले. खरे कळवले असते तर तू आली असतीस का? तू काल याचे उत्तर दिले नाहीस. मला ते माहीत आहे म्हणूनच मी तसे लिहिले.

तू म्हणालीस, "गवत दाखवून बोलावलंस मला, आई." आणि मग हसलीस. साखराबाई तुझ्याकडे बघतच राहिली. भरल्या कुरणाची लालूच दाखवायला माझ्याकडे कुरण कुठे होते? मी खोटे लिहिले हे बरोबर. पण तूही एवढे दिवस काय लिहिलेस? पाण्याचा तांब्या. नवऱ्याचा मान. मूल झाले आहे, तान्हे आहे, प्रवास झेपत नाही, हे एका ओळीत लिहायला तुला कुणी अडवले होते? बद्रीनाथ एप्रिलमध्ये तेच सांगायला आला होता आणि मी त्याला बोलू दिले नाही, हे तू काल दोनदा ऐकवलेस. मी ते नाकारत नाही. मी कुलूप लावले तेव्हाही त्याने ते ओरडून सांगितले नाही. का सांगितले नाही, याचा मी रात्री विचार केला. मूल सांगून घोडी मागायची त्याला लाज वाटली असेल.

बाळाला बघितल्यावर मी पहिल्यांदा "लिंगधारणा झाली का?" असे विचारले. आपल्या लिंगायतांत सगळ्या आज्या बाळाबद्दल ते विचारतात. त्यात लागण्यासारखे काय होते ते मला कळले नाही. तू म्हणालीस, "आधी जांभळी दाखव."

तांबे भरून ठेवले होते. बद्रीनाथ फाटकाबाहेरच टेम्पोला टेकून उभा राहिला, म्हणून मी स्वतः फाटकापर्यंत गेले आणि "आत या" म्हटले. या म्हटले, ये नाही. तू ऐकलेस. तो म्हणाला, "नगं बाई. आता कशाला?" तेवढे बोलताना त्याने चपला काढल्या नाहीत.

नंतर तू म्हणालीस, "नियमाप्रमाणे माझ्या हातानं जे जे इथं आलं ते माझ्या हातात दे आणि लिहून दे." मी आत जाऊन एकेक वस्तू काढली. तू उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून नाव घेत होतीस आणि मी आणत होते. एकदा मी काय शोधायला आत आले होते तेच मला आठवेना. बाहेर येऊन पुन्हा विचारावे लागले. तू तितक्याच शांतपणे पुन्हा सांगितलेस.

छावणी या महिन्यात बंद होते आहे. तपासणीत आपल्या संस्थेचा एक कागदही चुकीचा निघाला नाही.

प्रत खाली आहे. अक्षर माझे, सह्या ज्याच्या त्याच्या.

महानंदा


हस्तांतराची नोंद

दिनांक १८ जून २००३. कुरणाचे फाटक आणि घराची ओसरी.

घोडी, नाव जांभळी, रंग गडद कुमैत, मालक शिवकन्या. एप्रिलअखेर मृत. घोडी देता आली नाही. पुरल्याची जागा दाखवली.

दिले ते असे:

म्होरकी, सुती, एक. दाव्यासह. हाती दिली.

खरारा, घोडीचे अंग घासायचा, एक. दात झिजलेले. घेणाऱ्याने पाहून फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बद्रीनाथ यांना दिला.

शाळेची व कॉलेजची प्रमाणपत्रे, मागितल्यावरून. सर्व.

हिवाळी घोंगडी, वडिलांनी दिलेली, एक.

माळेगावच्या यात्रेतील फोटो, एक. त्यात घोडी, वडील, घेणार व मी आहोत. घेणाऱ्याने माझी बाजू मागे दुमडून पिशवीत ठेवला.

खोलीची किल्ली घेणाऱ्याने मला परत केली.

देणार: महानंदा पंचाक्षरी शेटे.

घेणार: शिवकन्या बद्रीनाथ. सही करताना एवढेच लिहिले. तसेच राहू दिले.

साक्षीदार: साखराबाई, राहणार कुरणाशेजारची वस्ती. अंगठा.

शेरा: वस्तू निघेपर्यंत व सह्या होईपर्यंत मूल साखराबाईने घेतले होते. मी हात पुढे केला. घेणार म्हणाली, "ज्या हातात दिलंय, त्याच हातातून घेईन." मूल साखराबाईच्या हातून तिने परत घेतले. मुलगा आहे की मुलगी, हे सांगितले नाही.